टीलवर पाणी मारायचं नाही, मग शेजारी सेफ्टी शॉवर कशाला?

सुमित_खेड:
नमस्कार मंडळी. डिप्लोमा केमिकल झालाय, आतापर्यंत लोट्याला औषधाच्या कंपनीत रिॲक्टरवर होतो, आता गुजरातमध्ये दहेजला पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या प्लांटला फील्ड ऑपरेटर म्हणून लागलोय. इथे सगळ्यात जास्त भीती घालतात ती टीलची, म्हणजे ट्रायइथाइल ॲल्युमिनियम. इंडक्शनमध्ये व्हिडिओ दाखवला, बाटलीतून दोन थेंब बाहेर आले आणि हवेतच भडकले, काडी नाही ठिणगी नाही. मग पाण्यात टाकलं तर सरळ स्फोटच. तीनदा बजावलं की टीलवर पाणी मारायचं नाही, म्हणजे नाहीच. आणि बाहेर येऊन बघतो तर टील एरियाच्या तोंडाशीच हिरवा सेफ्टी शॉवर! सुपरवायझरला विचारलं तर म्हणे नियम आहे म्हणून आहे. आता हे काय समजायचं? अंगावर उडालं तर शॉवरखाली जायचं की नाही? ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी सांगा. आणि मुळात इतकी जहाल गोष्ट वापरतातच कशाला हेही कुणी सोपं करून सांगितलं तर बरं होईल.

टवाळ_पक्षी:
शॉवर सुपरवायझरसाठी असेल. दहेजचा उन्हाळा बघितलाय का?

तात्या_जनरलशिफ्ट:
सुमित, प्रश्न एकदम योग्य विचारलास, उत्तर मात्र सुपरवायझरने द्यायला हवं होतं. मी आता निवृत्त आहे, पण नोकरी सगळी पॉलिमरमध्येच गेली आणि टीलचं अनलोडिंग कितीतरी वेळा केलंय नि करवून घेतलंय.

आधी वस्तू ओळख. दिसायला पाण्यासारखं, रंगहीन, पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.८३ च्या आसपास. थंडीत गोठायची चिंता नाही, उणे ४५-५० ला गोठतं. ॲल्युमिनियमच्या एका अणूला तीन इथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे), पण ॲल्युमिनियमला तेवढ्याने भागत नाही, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन कमीच पडतात, म्हणून दोन रेणू एकमेकांना धरून जोडीने राहतात. तरी भूक शिल्लकच. ऑक्सिजन दिसला की ऑक्सिजनवर, पाणी दिसलं की पाण्यावर. नायट्रोजनशी काही भांडण नाही म्हणून त्याचं सगळं आयुष्य नायट्रोजनखाली जातं. साधारण १२० अंशाच्या पुढे गरम केलं तर ते स्वतःच तुटायला लागतं नि इथिलीन सोडतं, म्हणजे बंद सिलिंडर आगीत सापडला तर तो वेगळाच ताप.

पाण्याचा हिशोब कर. १ किलो टील संपायला अर्धा लिटरपेक्षा थोडं कमीच पाणी लागतं, आणि त्यातून ६४० लिटरच्या आसपास इथेन वायू निघतो. तोही जळणारा. वर प्रचंड उष्णता. तुझ्या व्हिडिओतला स्फोट तो हाच.

शॉवरचं संध्याकाळी लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

अरुंधती_पुणे:
तात्या संध्याकाळी येतील तोवर "वापरतात कशाला" हे मी घेते. मी उत्प्रेरकांवरच काम करते, पण प्रयोगशाळेत, म्हणजे आमचं टील मिलिलिटरमध्ये.

प्रॉपिलीन हा वायू. त्याचे हजारो रेणू एका माळेत, तेही सगळे मिथाइल गट एकाच बाजूला ठेवून ओवायचे, तरच कडक, उपयोगी पॉलिप्रॉपिलीन मिळतं. हे ओवायचं काम टायटॅनियम करतं, मॅग्नेशियम क्लोराइडच्या कणांवर बसवलेलं टायटॅनियम टेट्राक्लोराइड. पण ते नुसतं टाकलं तर ढिम्म बसून राहतं. टील त्याला जागं करतं, एक इथाइल गट देऊन माळेचं पहिलं टोक बांधून देतं. शिवाय रिॲक्टरमध्ये चुकार पाणी, ऑक्सिजन असेल तर ते आधीच खाऊन टाकतं, नाहीतर टायटॅनियमच मेलं असतं. म्हणजे ज्या गुणामुळे सुमितला भीती वाटतेय, कामाला येतो तोही तोच गुण.

र्‍हाईनकाठी:
आमच्या गावाशेजारचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी जर्मनीत डुइसबुर्गला राहतो, शेजारीच म्युलहाइम. तिथल्या माक्स प्लांकच्या कोळसा संशोधन संस्थेत कार्ल झिगलर होते. टील आणि इथिलीन तापवून लांब साखळ्या करायचा त्यांचा प्रयत्न चालू होता, आणि एके दिवशी साखळीऐवजी नुसतं ब्युटीन, म्हणजे चारच कार्बनचा आखूड रेणू मिळाला. शोधाशोध केल्यावर कळलं की पात्रात निकेलचा अंश राहून गेला होता. दुसरा कुणी असता तर पात्र घासून पुढे गेला असता. झिगलरने उलटा विचार केला, निकेल साखळी तोडतं तर बाकीचे धातू काय करतात ते तपासू. एकेक धातू लावत गेले, झिर्कोनियमने पांढरं पॉलिथिलीन दिलं आणि टायटॅनियमने तर कमालच केली. १९५३ ची गोष्ट. त्याआधी पॉलिथिलीन करायला हजाराच्या वर वातावरणांचा दाब लागायचा, इथे काचेच्या भांड्यात साध्या दाबाला होऊ लागलं.

पुढच्या वर्षी मिलानमध्ये जुलिओ नात्ताने तेच तंत्र प्रॉपिलीनला लावलं. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून. पेटंटवरून मात्र दोघांचं चांगलंच बिनसलं, झिगलरना न सांगता तिकडे अर्ज दाखल झाला होता.

टवाळ_पक्षी:
म्हणजे नोबेलवाल्यांच्यातही बांधावरून भांडणं. जीव थंड झाला.

नीता_बदलापूर:
मी वाचक आहे, लिहीत नाही फारशी. पण आता भीती वाटली. माझ्या घरातल्या बादल्या, डबे, सगळं पॉलिप्रॉपिलीनचं आहे ना? मग त्यात हे टील उरलेलं असतं का? मुलाचा डबा पण त्याचाच आहे 😟

अरुंधती_पुणे:
नाही नीताताई, निर्धास्त राहा. पावडर रिॲक्टरबाहेर आली की तिला वाफ किंवा ओलसर नायट्रोजन देतात, ते मुद्दाम त्यासाठीच. उरलंसुरलं टील तिथेच मरतं. मागे राहतं ते ॲल्युमिनियमचं निरुपद्रवी संयुग, दहा लाखात काही भाग इतकं. ज्याला हवेत सेकंदभरही दम निघत नाही ते तुमच्या डब्यात काय टिकणार.

भाऊ_लासलगाव:
आमच्या कांद्याच्या, खताच्या, साखरेच्या गोण्या पण ह्याच्याच ना? आणि दुधाची पिशवी?

तात्या_जनरलशिफ्ट:
विणलेली गोणी पॉलिप्रॉपिलीनचीच, हो. ड्रिपची, पाण्याची पाइप पॉलिथिलीनची. दुधाच्या पिशवीत दोन जातींची सरमिसळ असते. दोन्ही पॉलिथिलीनच. त्यातलं एलडीपीई जुन्या उच्च दाबाच्या पद्धतीचं, त्यात टील लागत नाही. एलएलडीपीईला बहुतेक ठिकाणी लागतं.

आता शॉवर.

पाणी नको हे कशासाठी सांगतात? जमिनीवर टील सांडलंय किंवा फ्लँजमधून, म्हणजे पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडातून गळतंय, जळतंय, त्यावर होज मारू नको म्हणून. तिथे माल किलोने आहे, पाणी कमी नि माल जास्त असा प्रकार होतो, इथेन निघतो, पेटतं टील चौफेर उडतं. फोडणीच्या कडकडीत तेलात ओला हात झटकला की काय होतं ते घरी बघितलं असशील.

माणसाच्या अंगावर उडालं तर हिशोब उलटा. अंगावर आहे चमचा दोन चमचे, आणि ते आधीच जळतंय, हवेत आल्या आल्या पेटलं. तिथे पाणी थेंबाने नाही, धबधब्याने हवं. सेकंदात जे काय रिॲक्शन व्हायचंय ते होऊन जातं आणि उरलेलं पाणी उष्णता घेऊन जातं, आग विझवतं, कातडी थंड करतं. टील बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात, भरपूर पाण्याने ताबडतोब धुवा. ओलं फडकं, बाटलीभर पाणी, तांब्या, यातलं काही नको. ते सगळं अर्धवट. एक तर पूर पाहिजे नाहीतर काहीच नको.

फायरमन_रत्नागिरी:
तात्या, मान राखून असहमत. आमच्या ट्रेनिंगमध्ये ठणकावून शिकवलंय की टीलसारख्या धातूसेंद्रिय पदार्थाला (धातूला कार्बनचे गट जोडलेल्या) पाणी नाही, फोम नाही. कार्बन डायऑक्साइडचाही भरवसा नाही. कोरडी पावडर, कोरडी वाळू, व्हर्मिक्युलाइट, बास. तुम्ही "इथे चालतं तिथे चालत नाही" सांगायला लागलात की पोरगं घाबरलेल्या अवस्थेत होज उचलून नेमकं डबक्यावर मारणार. आगीत माणूस विचार करत नसतो, जे अंगवळणी पडलंय ते करतो. मी बघितलीत अशी माणसं.

तात्या_जनरलशिफ्ट:
फायरमनदादा, डबक्याबद्दल तुमचं माझं एकमतच आहे. पण मला सांगा, समोर माणूस पेटलाय, तुम्ही वाळू टाकणार का अंगावर?

फायरमन_रत्नागिरी:
फायर ब्लँकेट.

अरुंधती_पुणे:
इथे एक खरं उदाहरण सांगते, पदार्थ वेगळा आहे पण स्वभाव तोच. २९ डिसेंबर २००८, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्युटिललिथियम सिरिंजने काढत होती. प्लास्टिकची सिरिंज, दट्ट्या निसटून बाहेर आला, द्राव हवेत आला नि पेटला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर, वर लॅबकोट नव्हता. आपत्कालीन शॉवर त्याच खोलीत होता, पण तिला तिथे नेलं गेलं नाही, सहकाऱ्याने कोटाने आग दाबायचा प्रयत्न केला. जानेवारीत ती गेली. नंतर विद्यापीठावर आणि प्राध्यापकांवर खटलाही झाला, जगभरच्या प्रयोगशाळांचे नियम त्यानंतर कडक झाले.

ब्लँकेटने ज्वाळा दबते, पण कपड्यात मुरलेला द्राव आत तसाच राहतो. ब्लँकेट उचललं की परत पेटतो. म्हणून माणसासाठी शॉवरच.

फायरमन_रत्नागिरी:
परत पेटण्याचा मुद्दा मान्य. पावडरने विझवलेलं डबकंही वरचा थर फुटला की परत धरतं, तो अनुभव आहे. पण माझा आक्षेप जागेवर आहे, शॉवर टील एरियाच्या तोंडाशी का? ते पाणी वाहत कुठे जाणार?

तात्या_जनरलशिफ्ट:
हा बघा नेमका प्रश्न! सुमित, उद्या जाऊन बघ. सिलिंडर, पंप यांच्या खालच्या फरशीला उतार असतो, तो एका कोरड्या खड्ड्याकडे जातो. त्या खड्ड्याला गटार जोडलेलं नसतं. शॉवर एरियाभोवतीच्या कठड्याच्या बाहेर पाहिजे आणि त्याच्या पाण्याचा उतार उलट्या दिशेला पाहिजे. धावत दहा सेकंदात पोचता येईल इतका जवळ, पण पाणी आत येणार नाही इतका बाजूला. तसं नसेल तर लेखी कळव, तोंडी नाही.

आणि एक, शेजारच्या टाक्या, खांब थंड ठेवायला पाण्याचा फवारा मारतात तो वेगळा. तो फायर क्रूचा निर्णय, ऑपरेटरचा नाही.

फायरमन_रत्नागिरी:
आता बोललात. ह्याला +१.

अवकाशवेडा:
कुणीच रॉकेट काढलं नाही अजून?! चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातली पाचही एफ-१ इंजिनं पेटवायला ट्रायइथाइल बोरेन आणि थोडं ट्रायइथाइल ॲल्युमिनियम यांचं मिश्रण वापरायचे, १० ते १५ टक्के टील. द्रव ऑक्सिजनला लागलं की आपोआप पेट. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटमध्येही तेच मिश्रण, लाँचच्या वेळी बुडाशी हिरवा झोत दिसतो ना तो टीलचा. ६ फेब्रुवारी २०१८ ला फाल्कन हेवीचा मधला बूस्टर परत उतरताना हेच संपलं, तीनपैकी दोन इंजिनं पेटलीच नाहीत, ताशी ५०० किमीच्या आसपास वेगाने समुद्रात आपटला.

अरुंधती_पुणे:
हिरवा रंग बोरॉनचा हो, टीलचा नाही. बाकी सगळं बरोबर.

अवकाशवेडा:
दुरुस्ती मान्य ताई 🙏 आणि आपली इस्रोपण. महेंद्रगिरीला २ मे २०२४ ला सेमीक्रायो (द्रव ऑक्सिजन आणि केरोसीनवर चालणाऱ्या) इंजिनाच्या प्रीबर्नरची, म्हणजे आधी पेटणाऱ्या छोट्या दहनकक्षाची प्रज्वलन चाचणी झाली, त्यात हेच मिश्रण भरलेली कुपी होती, विक्रम साराभाई केंद्राने बनवलेली, इस्रोमध्ये पहिल्यांदाच वापरली.

भाऊ_लासलगाव:
गोणीपासून रॉकेटपर्यंत एकच माल. कांद्याला भाव तेवढा नाही.

सौरभ_सोलार:
धाकट्या भावाची पण आठवण काढा, ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम. सौर सेलवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिपातळ थर देतात त्यात ते वापरतात. एक झोत ह्याचा, एक झोत पाण्याच्या वाफेचा, आळीपाळीने. तात्यांनी ज्याला स्फोट म्हटलं तीच रिॲक्शन, फक्त एकेका अणूच्या थराने.

निसर्गमित्र_सातारा:
सगळे कौतुक करताय, पण शेवटी प्लास्टिकच ना? २०१८ ला राज्यात बंदी आली, काय झालं तिचं? नाल्यात जाऊन बघा.

भाऊ_लासलगाव:
गोणी न वापरता कांदा काय पदरात बांधून न्यायचा?

निसर्गमित्र_सातारा:
ज्यूट वापरा.

भाऊ_लासलगाव:
ज्यूटचा भाव तुम्ही द्या.

संपादक_मंडळ:
प्लास्टिकबंदीवर वेगळा धागा आहे, कृपया तिथे भांडा.

एक्सप्रेसवे_गणेश:
माझा ट्रान्सपोर्टचा धंदा, पण असला माल आम्ही घेत नाही. रस्त्यात ओळखायचा कसा?

तात्या_जनरलशिफ्ट:
गाडीच्या पाटीवर यूएन नंबर असतो, ह्या जातीला ३३९४. म्हणजे हवेत आपोआप पेटणारा आणि पाण्याशी रिॲक्शन देणारा धातूसेंद्रिय द्राव. अशा गाडीतून दाट पांढरा धूर येताना दिसला तर गाडी लांब थांबवा, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला लांब जा, म्हणजे धूर तुमच्याकडे येणार नाही, ११२ ला फोन करून तो नंबर सांगा. आणि कुणी भला माणूस बादली घेऊन धावला तर त्याला धरून ठेवा.

मीनल_डॉक्टर:
उशिरा आले, पण एक भर. भाजलेली जागा शॉवरखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरायची, कपडे आणि बूट पाण्याखालीच काढायचे, कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढायचं नाही. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई यातलं काहीही लावून आणू नका, आम्हाला ते आधी खरवडावं लागतं.

दुसरं धुराचं. जळल्यावर पांढरा धूर होतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. तो भरपूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. लोक घरी जाऊन झोपतात, दुसऱ्या दिवशी मलेरियाची तपासणी करून घेतात आणि धुराबद्दल डॉक्टरला सांगतच नाहीत. सांगा.

सुमित_खेड:
बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. आज जाऊन बघितलं, शॉवर कठड्याच्या बाहेर आहे, उतारही उलटा आहे, म्हणजे ज्याने बांधलं त्याला कळत होतं. फक्त सुपरवायझरला माहीत नाही 😅 तात्या, पुढच्या आठवड्यात अनलोडिंगला मला मदतनीस म्हणून उभं करणार आहेत. नेमकं कशावर लक्ष ठेवू?

तात्या_जनरलशिफ्ट:
तुमच्या प्लांटची लेखी पद्धत असेल ती आधी पाठ कर, मी सांगतोय ते त्याला पर्याय नाही. पण माझ्या मते खरी जोखीम जोडताना आणि सोडताना असते, मधल्या वेळात बहुतेक काही होत नाही. जोडलं की आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासायची, मग पुन्हा पुन्हा नायट्रोजन भरून सोडून आतली हवा नि ओल घालवायची. मालही नायट्रोजनच्या दाबानेच ढकलतात. संपल्यावर घाई करायची नाही. लाइन तेलाने किंवा हेक्सेनने धुतल्याशिवाय फ्लँज सोडायची नाही. हेक्सेनमध्ये १२ टक्क्यांच्या खाली पातळ झालेलं टील आपोआप पेटत नाही, धुण्यामागचा हिशोब तो, पण पाण्याशी तेही भांडतंच. आमच्याकडे एकदा धुणं अर्धवट सोडून एकाने बोल्ट सैल केले, फ्लँजमधून पांढरा धूर यायला लागला. ज्याच्या हातात पाना होता तो पळाला नाही, बोल्ट परत आवळले आणि मग बाजूला झाला, अंगात आगीपासून वाचवणारा चंदेरी सूट होता म्हणून जमलं. सूट नसता तर पळणंच बरोबर होतं.

आणि पाऊस. जरासा शिंतोडा असला तरी अनलोडिंग नाही, छप्पर असलं तरी नाही. डिस्पॅचवाले फोन करकरून डोकं खातात, खाऊ देत.

व्हॉल्व्ह हलत नसेल तर पाना लावून जोर करू नकोस. थोडी हवा गेली की आत पांढरा चिकट थर होऊन व्हॉल्व्ह धरतो, कळव आणि थांब.

अरुंधती_पुणे:
सूटच्या आत सुती किंवा आगरोधक कपडे. टेरिकॉट, नायलॉन अजिबात नाही, वितळून कातडीला चिकटतं.

फायरमन_रत्नागिरी:
मदतनीसाचं काम म्हणजे पावडरच्या एक्स्टिंग्विशरची पिन हाताशी आणि डोळे फ्लँजवर, मोबाइल खिशात पण नको. कपलिंग सोडणाऱ्याच्या मागे उभा राहू नकोस, तुझ्या मागे बाहेरची वाट मोकळी पाहिजे. आणि उभं राहण्याआधी स्वतः शॉवर ओढून बघ पाणी येतं का. नुसता रंग नवा असतो बऱ्याचदा.

सुमित_खेड:
ओढला होता. आधी पाच सेकंद गंजाचं लाल पाणी, मग जोरात आलं. लेखी कळवलंय. एक राहिलं, मला दिलेले चामड्याचे हातमोजे एक नंबर मोठे आहेत, बदलून घेऊ का?

तात्या_जनरलशिफ्ट:
बदलू नकोस. सैलच पाहिजेत, उडालं तर हात झटकला की मोजा निघून पडला पाहिजे. फक्त पाना धरता येतो ना तेवढं बघ.

टवाळ_पक्षी:
आणि दहेजला मराठी खानावळ सापडली का? तो धागा वेगळा काढ, मीपण भरूचला बदली होऊन येतोय.